वरच्या चार ओळी

पत्राच्या वर काय लिहावे, हा प्रश्न माणसाला साधारणपणे पडत नाही. पत्रात काय लिहावे हाच मुळी इतका मोठा प्रश्न असतो की वरचा भाग हात आपोआप लिहून टाकतो. आमच्या लहानपणी तर तो हाताचाच विषय होता, डोक्याचा नव्हे. कागदाच्या मधोमध 'श्री' काढायचा, उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग 'तीर्थरूप बाबांस बालके कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. यातला विशेष काय तो 'फीचे पैसे पाठवा' हा, आणि तो शेवटच्या ओळीत. ज्या मुलाने घरी असताना वाकून नमस्कार करायला तीनदा सांगावे लागे, तो होस्टेलवर गेला की दर पंधरा दिवसांनी कागदावर साष्टांग पडत असे. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. याला मायना म्हणतात.

मायना खरा नसतो आणि खोटाही नसतो, असे माझे अनेक वर्षे मत होते. 'आपला विश्वासू' अशी सही करून ज्याने मला नोकरी नाकारल्याचे कळवले, त्याच्या विश्वासूपणाबद्दल मी कधी वाद घातला नाही. लग्नपत्रिका 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी सुरू होते आणि ज्या मावशीने चार वर्षे चपला झिजवून ते स्थळ जमवले तिचे नाव कुठेच नसते, तरी मावशी पत्रिका उलटी-सुलटी करून कौतुकानेच पाहते. वरच्या ओळी कुणी मनावर घ्यायच्या नसतात. पण पुढे माझ्या हातून असे काही घडले की त्या ओळी मी तेव्हापासून मनावर घेऊन बसलो आहे. ती हकीगत सांगायची म्हणजे आमच्या अण्णाकाकांपासून सुरुवात करायला हवी.

आमचे कुटुंब तसे एकत्रच, फक्त निरनिराळ्या गावी. थोरली आत्या नागपूरला, एक काका बडोद्याला, एक गिरगावात, एक मिरजेला, आणि मधले अण्णाकाका व आम्ही पुण्यात. चुलत-मावस धरून चौदा घरे. प्रत्येक घराने बाकीच्या तेरा घरांना पत्र लिहायचे म्हटले तर टपालखात्याचे भले झाले असते, आमचे नव्हे. म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णाकाकांनी १९७१ साली एक योजना काढली. प्रत्येक घराने महिन्याच्या वीस तारखेपर्यंत एक पत्र अण्णाकाकांना पाठवायचे. त्यांनी ती सारी पत्रे वयाच्या क्रमाने एकाखाली एक लावायची, सायक्लोस्टाइल करायची आणि चौदा प्रती चौदा घरी रवाना करायच्या. याला ते 'संकलन' म्हणत. घरातल्या बायका 'गाठोडं' म्हणत. 'गाठोडं आलं का गं?' असा प्रश्न दर महिन्याच्या पाच तारखेच्या सुमारास चौदा घरांत विचारला जाई.

संकलन म्हटले की त्याला डोके हवे, म्हणजे मथळा हवा, असे अण्णाकाकांचे म्हणणे. त्यांनी तो स्वतः रचला. अजूनही पाठ आहे मला. सगळ्यात वर मधोमध श्री. त्याखाली पहिली ओळ: 'सर्व घरी क्षेम असून सर्वांचे क्षेम इच्छितो.' दुसरी: 'पत्र ज्या विषयाचे असेल तो विषय आरंभी लिहावा, केवळ "आपले पत्र पोचले, मजकूर कळला" एवढ्यासाठी टपालखर्च करू नये.' तिसरी: 'पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' आणि चौथी: 'आपली प्रत जपून ठेवावी, दुसऱ्या घरची मागू नये.'

हा मजकूर घेऊन ते छापखान्यात गेले. छापखानेवाल्याने सांगितले, पाचशे पाने छापा की दोन हजार, जुळणीचा खर्च तोच. अण्णाकाकांनी आयुष्यभर हिशेबखात्यात काढली होती. त्यांनी तिथेच बोटांवर हिशेब केला. चौदा प्रती, प्रत्येकीचे पहिले पान मथळ्याचे, वर्षाला एकशे अडुसष्ट. दोन हजार पाने म्हणजे जवळजवळ बारा वर्षांची बेगमी. सायक्लोस्टाइलला लागतो तसला शाई पिणारा कागद त्यांनी मुद्दाम निवडला, गठ्ठे टांग्यात घालून घरी आणले आणि पलंगाखाली सरकवून म्हणाले, 'चला, बारा वर्षं चिंता नाही.'

म्हणजे बारा वर्षे आमच्या कुटुंबाला क्षेम असणे भाग होते.

त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आले नाही. त्यात नवल नाही. मजकुराच्या वर आपला ठसा उमटवायची हौस फार जुनी आहे, आणि तो ठसा एकदाच कोरून ठेवायची सोयही. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. त्या मोर्तबाचा अर्थच मुळी 'येथे मर्यादा शोभते' असा. म्हणजे इथे पत्र संपले, याखाली कुणी आपले शहाणपण जोडू नये. लांब पत्रासाठी कागदाला कागद डकवला तर मागून त्या जोडावरही शिक्का मारायचा, की मध्ये कुणी काही घुसडू नये. आपल्या पूर्वजांनी पत्र वरून, खालून आणि सांध्यांवरून बंद करून टाकले होते. आपले शब्द दुसऱ्याच्या शब्दांना चिकटणे ही किती धोक्याची गोष्ट आहे हे त्यांना पक्के ठाऊक असावे. अण्णाकाकांच्या संकलनात मात्र जोडच जोड होते, आणि शिक्का एकट्या अण्णाकाकांचा.

वर्तमानपत्रांचेही तसेच. 'केसरी'च्या शिरोभागी जगन्नाथ पंडिताचा श्लोक असे, हत्तीला सिंहाची भीती घालणारा. १९२० साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, त्याच्या डोक्यावर तुकोबांचा अभंग होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. मी ती पाने पाहिली तेव्हा माझ्या मनात आले की तुकोबांना किंवा ज्ञानोबांना कुठे कुणी विचारले होते? पण मग असेही वाटले की तिथे वरच्या ओळी निवडणारा आणि खालचे रकाने लिहिणारा माणूस बहुतेक एकच. डोके त्याचे, धड त्याचे. वरच्या ओळीला खालचा मजकूर जागला नाही तर जाब त्यालाच. आमच्या गाठोड्यात डोके एकाचे आणि धडे चौदा. गणपतीची गोष्ट आपल्याकडे आहे, पण तिथेही एका धडाला एकच डोके बसवले होते, आणि तेही आधीचे तुटल्यावर.

दुसऱ्याने आपल्या डोक्यावर ओळ ठेवली की काय होते याचा अनुभव मी पुढे स्वतःही घेतला. १९९५ साली मी एका दैनिकाला पत्र लिहिले, की आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याला छप्पर नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पत्र छापून आले. शब्दन् शब्द माझा होता. वर मथळा होता: 'एका वृद्धाचे गाऱ्हाणे'. मी बेचाळीस वर्षांचा होतो. त्या दिवशी बसमध्ये शेजारच्या मुलाने मला उठून जागा दिली, आणि तो अतिशय गंभीर होता. खुलासा पाठवावा असे फार मनात आले. पण खुलाशाच्या वर ते काय मथळा देतील याची कल्पना येऊन मी गप्प बसलो.

पण हे नंतरचे. मूळ गोष्ट १९७६ ची.

तोवर संकलनाचे अंगमेहनतीचे काम माझ्याकडे आले होते. मी तेविसाचा, नुकताच नोकरीला लागलेला, आणि आमच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलचे यंत्र होते. संध्याकाळी पाचनंतर शिपायाला चहा पाजला की तो मला अर्धा तास यंत्र वापरू देई. अण्णाकाका पत्रे क्रमाने लावून देत. मी ती मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरायची, चूक झाली की वर तांबडे औषध लावायचे, ते वाळेपर्यंत फुंकर घालायची, मग मथळ्याची चौदा पाने घालून हँडल फिरवायचे. दुसऱ्या पानापासून साधा कागद. साधा कागद म्हणजे नुसता कोरा. त्याचा गठ्ठा यंत्राच्या डाव्या बाजूला असे. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

जुलैत नागपूरहून तार आली. आत्याचे यजमान गेले. अण्णाकाका त्याच रात्री निघाले, तेराव्यानंतर परतले. आल्यावर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण वीस तारीख उलटून गेली होती, पत्रे येऊन पडली होती, आणि संकलन चुकले तर काहीतरी मोडेल असे त्यांना वाटत असावे. त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. वयाच्या क्रमाने आत्याचे पत्र नेहमीच पहिले असे. आजवर ते पत्र तिचे यजमान लिहीत. ती सांगे आणि ते आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवत, मध्ये कंसात स्वतःचे शेरेही टाकत. या वेळचे तिच्या हाताने लिहिलेले होते. मोठे मोठे, वाकडे अक्षर. वर श्री नव्हता. अशुभाच्या पत्रावर श्री काढत नाहीत, हे आपल्याकडे लहान मूलही जाणे. पूर्वी तर पोस्टमनच्या हातात कोपरा फाडलेले कार्ड दिसले की घरातल्या बायका वाचायच्या आधीच रडू लागत. पत्र सात-आठ ओळींचे. ते गेल्याची तिथी, वेळ. मग तिने लिहिले होते की या महिन्याच्या पत्राला त्यांनी आरंभ केला होता, पाऊस लांबल्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या अशाच्या अशा खाली देत आहे, त्या गाळू नयेत. आणि खाली त्या दोन ओळी होत्या, पावसाच्या.

मी ते कोरले. कोरताना डोळे भरून आले हे खरे. तांबडे औषध दोनदा लावावे लागले. मग यंत्रावर चढवले, सवयीने मथळ्याची पाने घातली, आणि हँडल फिरवले. पहिली प्रत बाहेर आली. ओल्या शाईचा वास येत होता. मी ती उचलून दिव्याखाली धरली.

श्री. सर्व घरी क्षेम असून सर्वांचे क्षेम इच्छितो.

आणि त्याच्या खाली आत्याचे पत्र.

मी थांबलो. किती वेळ थांबलो ते सांगता येणार नाही, पण शिपायाने 'साहेब, आटपा' म्हटले तेवढा वेळ नक्की. डाव्या बाजूला कोऱ्या कागदाचा गठ्ठा होता. मथळ्याची पाने काढायची आणि कोरी घालायची, एवढेच काम, दहा सेकंदांचे. ते मी केले नाही.

का केले नाही, याचा मी आज जवळजवळ पन्नास वर्षे हिशेब मांडतो आहे आणि तो जुळत नाही. त्या क्षणी मनात आलेली कारणे सांगतो, ती ऐकायला लाज वाटेल अशी आहेत. एक, मथळा अण्णाकाकांचा. तो काढायचा अधिकार मला कुणी दिला? दोन, पत्र आत्याचे. त्याच्या वर काय आहे ते पाहायचे काम माझे नव्हे. तीन, पुढल्या महिन्यात चौदा पाने जास्त उरली की अण्णाकाका हिशेब विचारणार. चार, शिपायाला बस गाठायची होती. यातले तिसरे कारण सगळ्यांत क्षुल्लक आणि तेच सगळ्यांत खरे, असा मला दाट संशय आहे. मी हँडल फिरवले. उरलेल्या तेरा प्रती काढल्या, घड्या घातल्या, पाकिटे चिकटवली आणि पेटीत टाकून आलो.

आता तुम्ही म्हणाल, यात तुमचा काय दोष? छापील मजकूर तो, छापीलच असायचा. लोकांना काय कळत नाही? कळते. लोक फार समजूतदार असतात. टपालखाते पाकिटावर शिक्क्याबरोबर घोषवाक्ये उठवत असे. बचत करा, पिन कोड लिहा. दुःखाच्या पत्रावर तसला शिक्का आला म्हणून कुणी पोस्टमास्तरवर रागावले नाही. पुढे २००२ साली खात्याने 'मेघदूत' नावाचे पोस्टकार्ड काढले, पंचवीस पैशांना, साध्या कार्डाच्या निम्म्या किमतीत. पत्त्याच्या बाजूला कुणाची तरी जाहिरात छापलेली. कालिदासाच्या यक्षाला हे आधी सुचले असते तर मेघाच्या पाठीवर जागा भाड्याने देऊन अलकेचे अर्धे भाडे सुटले असते. तेही लोकांनी घेतले आणि वापरले. शिक्का कुणाचा, जाहिरात कुणाची, हे वाचणाऱ्याला माहीत असते. आणि ज्या ओळीमागे कुणी माणूस उभा नाही, ती ओळ सहसा कुणाला बोचत नाही.

पण अण्णाकाकांच्या ओळीमागे अण्णाकाका उभे होते. ते नागपूरला तेरा दिवस राहून आले होते. अंत्ययात्रेत पुढे चालले होते. त्यांच्या ओळीने आत्याला सांगितले की सर्व घरी क्षेम आहे. ती ओळ त्यांनी १९७१ साली लिहिली होती आणि १९७६ साली बोलली, हा फरक कागदावर दिसत नाही. आणि त्या ओळीच्या आणि आत्याच्या मध्ये फक्त एक माणूस होता, ज्याने दोन्ही एका वेळी वाचले. मथळा करणाऱ्याला खाली काय येणार हे ठाऊक नव्हते. पत्र लिहिणारीला वर काय बसणार हे सुचणे शक्य नव्हते. ठाऊक होते ते हँडल फिरवणाऱ्याला, आणि तो म्हणत होता की मी नुसता हँडल फिरवणारा.

अण्णाकाकांची प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात पडली. टपालाने नव्हे, मीच दिली. त्यांनी चष्मा लावला, पान पाहिले, चष्मा काढला. मला वाटले, आता बोलतील. बोलले असते तर बरे झाले असते. ते उठले आणि आत गेले.

त्या रात्रीपासून पुढे चार रात्री त्यांच्या खोलीत दिवा जळत होता. पलंगाखालचे उरलेले सगळे गठ्ठे त्यांनी बाहेर काढले होते, हजारावर पाने, आणि एकेक पान समोर घेऊन पट्टी लावून 'सर्व घरी क्षेम' ही ओळ खोडत होते. मी म्हटले, 'अण्णाकाका, द्या, मी खोडतो.' ते म्हणाले, 'नको. ओळ माझी आहे.' इतकेच. मला ते वाक्य अजून ऐकू येते, विशेषतः मी 'माझं काय त्यात' असे म्हणायच्या बेतात असतो तेव्हा.

खोडलेल्या ओळीची गंमत अशी की ती खोडण्याआधी कुणी वाचत नव्हते. आता गाठोडे आले की पहिली नजर तिथेच जाई. पट्टीने ओढलेल्या सरळ निळ्या रेघेखालून 'क्षेम' स्वच्छ वाचता येई. त्यानंतर सहा-साडेसहा वर्षे, गठ्ठे संपेपर्यंत, आमच्या कुटुंबाचे क्षेम दरमहा असे खोडून येत राहिले. मुंजी झाल्या, बारशी झाली, गिरगावकरांचा मुलगा डॉक्टर झाला. वर खोडलेले क्षेम. पाने फेकून नवी छापावी असे कुणी सुचवले नाही. दोन हजार पानांचे पैसे दिले होते.

१९८१ साली अण्णाकाकांची दृष्टी अधू झाली आणि संकलन पूर्णपणे माझ्याकडे आले. १९८२ च्या अखेरीस शेवटचे मथळ्याचे पान संपले. आता नवे काय छापायचे? मी ठरवले की काहीच छापायचे नाही. मी उदारमतवादी झालो होतो. पस्तिशीच्या आत तो आजार होतोच. सर्व घरांना कळवले की यापुढे सामायिक मथळा नाही, ज्या घराचे पत्र त्याच्या वर त्या घराने आपल्या चार ओळी स्वतः लिहाव्यात. ज्याचे धड त्याचे डोके.

उदारमताचे फळ तीन महिन्यांत मिळाले. बडोद्याच्या चुलतभावाने आयुर्विम्याची एजन्सी घेतली होती. त्याच्या चार ओळींत क्षेमाची इच्छा होतीच, पण ती कशी टिकवावी याचा हप्त्यासकट तपशीलही होता. ज्या महिन्यात कुटुंबात कुणी आजारी असे त्या महिन्यात तो ओळी बदलून अधिक ठळक करी. गिरगावचे काका डोंबिवलीला राहायला गेले होते. त्यांच्या ओळींत स्टेशनपासून घर कसे गाठावे हे होते, आणि त्यांच्या घराभोवती इतकी बांधकामे चालू होती की दर महिन्याला रस्ता बदले. मिरजेच्या काकूंनी दर वेळी निराळी सुभाषिते घालायला सुरुवात केली. सुभाषिते सर्वसाधारण असत, पण त्यांच्या सुनेला ती तशी वाटत नसत. तिने स्वतंत्र पत्र आणि स्वतंत्र चार ओळी मागितल्या आणि आमची चौदा घरे पंधरा झाली. एका घराच्या चार ओळी वाढत वाढत पान भरून गेल्या आणि खाली पत्र उरले एका वाक्याचे: 'बाकी ठीक.' पुन्हा गंमत पाहा, ज्या गाठोड्यात पूर्वी एक माणूस सगळ्यांच्या वतीने बोलत होता म्हणून अन्याय होत होता, तिथे आता प्रत्येक जण बोलण्याआधीच बोलून घेत होता.

मला कधी कधी वाटते, पंक्तीत पान मांडतात तेव्हा मीठ सर्वांत आधी वाढतात ते किती विचाराने. वर, मधोमध, चिमूटभर. अजून पानावर माणूस बसलेलाही नसतो. ते सर्वांना एकसारखे असते, आणि कुणी त्याने पोट भरत नाही. पण वाढणाऱ्याला ठाऊक असले की तिसऱ्या पानावर बिनमिठाचे पथ्य असलेला माणूस बसणार आहे, तर? त्याने मीठ वाढायचे थांबवावे, की ज्याने त्याने आपले मीठ घरून आणावे? मी पहिल्याचे उत्तर द्यायचे टाळले म्हणून दुसरे करून पाहिले, असा या सगळ्याचा अर्थ आता मला लागतो.

नागपूरच्या ओळी मात्र आल्या नव्हत्या. मी आत्याला विचारायला गेलो. ऑफिसच्या कामाने जाणे झाले होते. म्हटले, 'आत्या, तुझ्या पत्रावर काय घालू?' ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'श्री घाल. बाकीचं मी खाली लिहीनच की.' मी बराच वेळ बसून राहिलो. १९७६ च्या त्या पानाबद्दल बोलायचे होते. नागपूरचा उन्हाळा, तांदळाचा आवाज, ती मध्येच खडा काढून बाजूला ठेवी. मी म्हटले, 'त्या वेळी ते पान...' ती म्हणाली, 'चहा घेशील ना?' आणि उठली.

१९९१ साली आत्या गेली. तिच्या ट्रंकेत सगळी गाठोडी सापडली, वर्षावार दोऱ्याने बांधलेली. चौथ्या ओळीची सूचना चौदा घरांत पाळली असेल तर तिनेच. मी १९७६ चा गठ्ठा सोडला. त्या महिन्याचे पान होते. वरचा भाग, श्रीपासून चौथ्या ओळीपर्यंतचा, तिने मागे दुमडला होता. फाडला नव्हता, खोडला नव्हता. नखाने दाबून केलेली घडी, पंधरा वर्षांत तपकिरी पडलेली. पान हातात घेतले की ते तिच्याच अक्षरांपासून, म्हणजे माझ्या कोरलेल्या तिच्या शब्दांपासून, सुरू होई आणि पावसाच्या दोन ओळींवर संपे. मी ती घडी उलगडून पाहिली नाही.

संकलन पुढे बंद पडले. घरोघर फोन आले, एसटीडीचे दर रात्री उतरू लागले आणि लोकांना एकमेकांचे क्षेम स्वतःच्या कानांनी ऐकायची चटक लागली. १९९४ चा दिवाळीचा अंक शेवटचा. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षे आमच्या घराण्याला डोके नव्हते आणि कुणाचे काही अडले नाही.

२०२० साली सगळेच घरात अडकले तेव्हा न्यू जर्सीच्या पुतण्याला हे गाठोडे आठवले. त्याने ते कधी पाहिलेले नव्हते, बापाकडून ऐकलेले. आता तो संगणकावर पत्रे जुळवतो, सुबक पाने करतो आणि प्रत्येक घराला पाठवतो. आमच्यासारख्यांना इथल्या दुकानातून छापून घरपोच मिळतात. घरे एकवीस झाली आहेत. त्याने प्रत्येक पत्राच्या वर एक चौकट ठेवली आहे आणि ज्याने त्याने ती भरावी असे कळवले आहे. म्हणजे १९८३ च्या सगळ्या चुका तो नव्याने करणार आहे. मी त्याला काही सांगितले नाही. बडोद्याच्या घराने चौकटीत म्युच्युअल फंड घातले आहेत.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. 'काका, तुमच्या घराची चौकट रिकामी आहे. काय टाकू?'

मी म्हटले, 'विचार करून सांगतो.'

'अहो, विचार कसला? चार ओळी तर आहेत. श्री टाकू? सर्व क्षेम वगैरे?'

'नको,' मी म्हटले. 'क्षेम नको.'

'मग नुसती श्री?'

नुसती श्री घालायला हरकत नव्हती. पण तो हक्क मला आत्याचा वाटतो, आणि हे न्यू जर्सीला फोनवरून समजावणे कठीण होते. मी पुन्हा म्हटले, सांगतो. त्याने तीन आठवडे वाट पाहिली आणि चौकट रिकामी ठेवून अंक काढला. मला ते फारच आवडले. पान हातात घेऊन मी बराच वेळ पाहत बसलो. वर स्वच्छ पांढरी जागा, आणि खाली माझे पत्र, गुडघेदुखी आणि आंब्याच्या भावाबद्दल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन वाजला. मिरजेच्या वहिनी. आवाज कापत होता.

'भाऊजी, कोण गेलं?'

'कोण गेलं म्हणजे? कुणी नाही.'

'खरं सांगा. वहिनी बऱ्या आहेत ना? गाठोडं रात्री आलं. तुमच्या पत्रावर वर श्रीसुद्धा नाही. मी पुढचं वाचलंच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.'

'अहो वहिनी, सगळे ठीक आहेत. ही काय, बाजूलाच झोपली आहे.'

फोनवर थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग वहिनींचा नेहमीचा आवाज परत आला.

'मग तसं वर लिहावं ना माणसानं!'